खरा छळवादी नवरा कोण : सर पर्सिव्हल की ग्रँडकोर्ट?

मीठभाकर : व्हिक्टोरियन कादंबरीतला दुष्ट खानदानी नवरा म्हटलं की सगळ्यांना विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'मधला (१८६०) सर पर्सिव्हल ग्लाइड आठवतो. मला तो किरकोळ वाटतो. खरा भयंकर माणूस जॉर्ज एलियटच्या 'डॅनियल डेरोंडा'तला (१८७६) ग्रँडकोर्ट. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. न्याहारीचा प्रसंग आठवा. एका कुत्रीला जळवायला दुसरं पिटुकलं कुत्रं उचलून कुरवाळतो, आणि ती रडायला लागली की तिलाच बाहेर घालवायला सांगतो! लग्नानंतर त्याच्या बायकोच्या, ग्वेंडोलिनच्या वाट्याला दुसरं काय येतं?

अवकाळी : साफ असहमत. ग्रँडकोर्ट म्हणजे जांभया देणारा पुतळा. पर्सिव्हलला निदान काहीतरी हवंय : बायकोचे, लॉराचे वीस हजार पौंड. घडी घातलेला दस्त पुढे सरकवून "वाचू नकोस, सही कर" म्हणणारा नवरा मला जास्त खरा वाटतो. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या कशा घेतात ते पाहिलंय मी.

मीठभाकर : पण तुमचा पर्सिव्हल वारशाने 'सर' आहेच कुठे? आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून पठ्ठ्याने चर्चच्या वहीत खोटी नोंद घुसडली. म्हणजे कॉलिन्सने अस्सल खानदानी मंडळींना अलगद सोडून दिलं. जॉर्ज एलियटने नाही सोडलं.

गारवा : मधेच बोलतो. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरेसा होता. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. आता ग्रँडकोर्टचं क्रौर्य कोर्टात दाखवणार कसं? वळ नाही, साक्षीदार नाही. म्हणून तर लेखकांना नवरे मारावे लागतात. एक चर्चमध्ये जळून मेला, दुसरा जिनोव्हाच्या समुद्रात बुडाला. ॲन ब्राँटेच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'मधली हेलन १८४८ मध्येच मुलाला घेऊन घर सोडते, पण तिथेही शेवटी नवरा मरतोच.

अवकाळी : मरण लेखकाच्या सोयीचं, हे मान्य. पण म्हणून ग्रँडकोर्ट जिवंत होत नाही.

मीठभाकर : मृत्युपत्र विसरलात? इस्टेट रखेलीच्या मुलाला. बायकोला वर्षाला दोन हजार पौंड आणि राहायला कोळशाच्या खाणींजवळचं घर, जिथे त्याने त्या रखेलीला ठेवलं होतं, तेच.

अवकाळी : ...हे विसरले होते खरी. पुन्हा वाचते. तोवर पुतळाच.