मदत हवी आहे: मामाच्या मांडीत हायडॅटिडची गाठ

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकडचे, मामा वय 52, जन्म गेला मेंढरं राखण्यात. वर्षभरापासून उजव्या मांडीत गाठ होती, दुखत नव्हती म्हणून चरबीची असंल असं समजून सोडून दिली, आता मोसंबीएवढी झाली अन् मांडी घालून बसताच येईना. एका दवाखान्यात तर सुई घालून पाणी काढायलेच होते, मीच अडवलं, आधी सोनोग्राफी करा म्हणलं, त्यात मोठ्या पिशवीत बारक्या बारक्या पिशव्या दिसल्या अन् एमआरआयमध्ये हायडॅटिड आलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी तोंडावाटे गेली की होतं म्हणे, जास्त करून लिव्हर नाहीतर फुफ्फुसात, मांसात क्वचितच. सर्जन म्हणाले आतलं पाणी सांडलं असतं तर जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकली असती. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

पोटाची सोनोग्राफी अन् छातीचा एक्स-रे क्लिअर आहे. अल्बेंडाझोल 400 (जंताची गोळी) दोन टाइम चालू आहे, नंतर गाठ न फोडता अख्खी काढायची. असं ऑपरेशन लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगरकडं कुणाच्या घरात झालंय का? नंतर गोळ्या किती दिवस चालल्या, लिव्हरची रक्ततपासणी कधी कधी केली? अन् वाड्यावरच्या तिन्ही कुत्र्यांना जंताचं औषध किती दिवसाला द्यावं, मेंढरू कापलं की मामा काळीज-फुफ्फुस त्यांनाच टाकायचे.