मदत हवी आहे: हेजहॉग सकाळी थंडगार पडलेला सापडला

खारीबिस्किट, लीड्स

नमस्कार मंडळी. इथे कुत्री, मांजरी, पोपट, अगदी कासवांचेही धागे सापडले, पण हेजहॉग (अंगभर काटे असलेला छोटा प्राणी) कुणाकडे दिसला नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लेकीच्या (वय ११) दोन वर्षांच्या भुणभुणीपुढे हात टेकले आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे आफ्रिकन पिग्मी हेजहॉग आला. नर, साधारण आठ महिन्यांचा, वजन ५२० ग्रॅम, नाव सराटा. नाव माझ्या आईनं ठेवलं. ती सध्या साताऱ्याहून आलीय आणि नाव ठेवूनही त्याला साळिंदरच म्हणते.

तर परवा गुरुवारची गोष्ट. सराटा रात्रभर चाकावर पळतो आणि पळता पळताच शी करतो. ते चाक रोज सकाळी घासणं माझ्या वाट्याला आलंय. गुरुवारी चाक लख्ख! खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. मग बघते तर वाटीतलं खाणंही तसंच. त्याच्या झोपायच्या खोक्यात हात घातला, तर स्वारी अर्धवट मिटलेली आणि पोट फ्रिजमधून काढलेल्या बटाट्यासारखं गार. एरवी हात लागला की फुसफुसून काटे उभारतो, त्या दिवशी काहीच नाही. मला वाटलं, गेला.

आईनं त्याला माझ्या हातातून घेतलं, शालीत गुंडाळलं आणि पोटाशी धरून बसली. पाऊण तासानं नाक हललं, दीड तासानं एकदाचं फुस्स केलं. खाली ठेवलं तर मागचे पाय झोकांड्या खात होते. तोवर लेकीनं 'वॉबली हेजहॉग सिंड्रोम' असं काहीतरी शोधून वाचलं होतं, त्यामुळे शाळेत जाताना रडारड. जवळच्या दवाखान्यात फोन केला, तर आम्ही कुत्री-मांजरीच बघतो म्हणाले. दुपारपर्यंत चाल सुधारली, रात्री जेवलाही.

आता शंका. हे थंडीनं झालं की तो आजार आहे? आमचं हीटिंग रात्री साडेदहाला बंद होतं ते सहाला सुरू होतं. गॅसचं बिल बघून नवऱ्यानं गेल्याच आठवड्यात टायमर बदलला. विकणारा म्हणाला होता की फ्लीसचं पांघरूण पुरे. वेगळी ऊब द्यायची तर कशी द्यायची? खायला मांजराची चिकनची बिस्किटं आणि सुकवलेले मीलवर्म (अळ्या) देतो. आई विचारतेय, दूध-पोळी कुस्करून देऊ का. आणि डिसेंबरात आईला सोडायला चार आठवडे भारतात जायचंय, तेव्हा याचं काय करायचं?

रानवाट, नॉर्थम्प्टन

आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं तेच बरोबर होतं. घाबरून लोक गरम पाण्यात बुडवतात नाहीतर तोंडात पाणी घालतात, आणि तिथेच घात होतो. अंगाची ऊब, नाहीतर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी, आणि सावकाश. शुद्धीवर येईपर्यंत खाणंपिणं काही नाही.

माझ्याकडे सहा वर्षांत दोन झाले. तुम्ही लिहिलंय ते सगळं शीतनिद्रेत जायच्या प्रयत्नासारखं दिसतंय. खोली २० अंशांच्या खाली गेली की यांचं शरीर तो प्रयत्न करतं, आणि पाळीव पिग्मी हेजहॉगला तो झेपत नाही, जिवावर बेततं. ऊब मिळाल्यावर चाल सुधारली ही चांगली खूण. वॉबली असतं तर असं काही तासांत सुधारलं नसतं, ते मागच्या पायांपासून सुरू होऊन आठवड्यामहिन्यांनी वाढत जातं आणि त्यावर उपाय नाही. तरी व्हेटला दाखवाच. 'एक्झॉटिक', म्हणजे कुत्री-मांजरी सोडून वेगळे प्राणी बघणारा व्हेट शोधा, साध्या दवाखान्यात हेच उत्तर मिळणार.

पांघरुणानं काही होत नाही हो. पांघरूण अंगात असलेली ऊब धरून ठेवतं, खोली गरम करत नाही. सिरॅमिक हीट एमिटर घ्या. त्याला उजेड नसतो, त्यामुळे रात्री चालू ठेवता येतो. तो कायम थर्मोस्टॅटला (तापमान बघून आपोआप चालू-बंद करतो तो) जोडलेला हवा आणि भोवती जाळी हवी, कारण बल्ब भाजण्याइतका तापतो. पिंजऱ्यात २४ ते २७ अंश. दिवसा बारा तास तरी उजेड मिळू द्या, दिवस लहान झाल्यानंही ते सुस्तावतात. आणि पुढचे काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघा, एकदा असं झालं की लगेच पुन्हा होऊ शकतं. रोज सकाळी पोटाला हात लावायचा.

दूध अजिबात नको, पचत नाही, जुलाब होतात. पोळीचाही उपयोग नाही, हा मुळात किडे खाणारा प्राणी. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट यातलं काही चुकूनही नको.

उन्हाळी, रेडिंग

माझी एक बाळबोध शंका. आमच्या मागच्या अंगणात हेजहॉग येतात ते सगळा हिवाळा पानांच्या ढिगात झोपून काढतात. मग याला काय धाड भरली?

रानवाट

बाळबोध नाही, हाच घोळ बहुतेकांचा होतो. तुमच्या अंगणातला युरोपियन हेजहॉग, वेगळी जात. तो शरद ऋतूत खाऊन खाऊन चरबी साठवतो आणि मग झोपतो. पाळीव पिग्मीचे पूर्वज आफ्रिकेतल्या गवताळ, उबदार पट्ट्यातले, त्यांच्या वाट्याला असा हिवाळा आलाच नाही. आणि अंगणातला रानटी प्राणी आहे हं, घरात आणून पाळायचा नाही. त्याच्यासाठी फार तर मांजराचं मांसाचं खाणं आणि बशीत पाणी. त्यालाही दूध-पाव नको, इथल्या जुन्या माणसांची ती सवय अजून जात नाही.

वडोदरेकर

आईंसाठी खास माहिती. साळिंदर म्हणजे उंदराच्या भावकीतलं, त्याला धक्का लागला की काटे सुटून समोरच्याला टोचून बसतात. हेजहॉगचे काटे तसे सुटत नाहीत, आणि नात्यानं तो चिचुंद्रीच्या जवळचा. आमच्या गुजरातीत दोघांना नावंही वेगळी, साळिंदराला शाहुडी आणि याला शेळो. कच्छच्या कोरड्या रानात शेळो आहेत. मराठीत मात्र धड नाव नाही, त्यामुळे आईंची काही चूक नाही.

भाकरतुकडा, पुणे

वाचतेय. काट्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा, यांच्याकडून साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) येऊ शकतो. आणि ते चाक कुठे घासता? स्वयंपाकघरात असेल तर आजच जागा बदला.

खारीबिस्किट

चाकाची जागा कालच बदललीय, आधी कुठे ते विचारू नका. 😀

सगळ्यांचे आभार. आता अपडेट. एमिटर आणि थर्मोस्टॅट आणला. पहिल्या रात्री आकडा २६ दाखवत होता म्हणून निश्चिंत झोपलो, सकाळी सराटा पुन्हा सुस्त. नवऱ्यानं स्वयंपाकघरातला थर्मामीटर तळाशी ठेवून बघितला तर २१. थर्मोस्टॅटचा सेन्सर आम्ही वर, बल्बच्या शेजारीच लटकवला होता! आता तो सराटाच्या झोपायच्या जागेजवळ, जमिनीलगत चिकटवलाय. त्यानंतर चार रात्री पोट गरम, चाक घाण.

चाळीस मिनिटांवर एक्झॉटिक बघणारी व्हेट सापडली. पाय, तोल सगळं तपासलं, वॉबलीची लक्षणं नाहीत म्हणाली. पण तिनं त्याला उलटं धरून पुढच्या पायांच्या बगलेतले चरबीचे गोळे दाखवले. पूर्ण गुंडी होत नाही याची, जाड झालाय. किती मीलवर्म देता, असं विचारल्यावर आमच्या घरात शांतता. आठवड्याला चार-पाच पुरेत, शिवाय सुकवलेल्यांनी बद्धकोष्ठ होतं म्हणाली. घरी आल्यावर उलगडा झाला. माझी माळकरी आई, जी अंड्याच्या पातेल्याला हात लावत नाही, ती रोज रात्री चिमट्यानं त्याला अळ्या भरवत होती. "तो मला बघून खोक्यातून बाहेर येतो गं," एवढंच म्हणाली. आता अळ्यांचा डबा वरच्या फळीवर, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. नवीन काटा मागवलाय, भाकरतुकडा, तुम्ही बोलायच्या आत सांगते.

रानवाट, डिसेंबरचं राहिलंच. शेजारीण दिवसातून एकदा डोकवायला तयार आहे, पण मध्येच वीज गेली किंवा एमिटर बंद पडला तर तिला कळणार कसं? की व्हेटनं सुचवल्याप्रमाणे बोर्डिंगमध्येच ठेवू? चार आठवड्यांचा खर्च ऐकून नवरा पुन्हा टायमरकडे बघायला लागलाय.

रानवाट

टायमरला हात लावू नका म्हणावं! शेजारणीकडे नको. माझा धाकटा मी दर वर्षी मैत्रिणीच्या घरी पिंजरा, एमिटर, थर्मोस्टॅट, वजनकाट्यासकट पोचवते, माणसांच्या वावरातल्या खोलीत. असं घर नसेल तर बोर्डिंग, पण आधी जाऊन त्यांच्या खोलीचं रात्रीचं तापमान विचारा. आणि तुमच्या तारखा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लीड्स माझ्यापासून लांब आहे, पण आम्ही नाताळात कुठे जात नाही.