कौलं सिमेंटात बसवावीत की रिपांवर (वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवर)?

गुहागरचं_घर: 20 बाय 30 फुटांचं घर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. 30 अंश उताराचा स्लॅब टाकून त्यावर मंगळुरी कौलं सिमेंटात बसवू, असं कंत्राटदार म्हणतो. एप्रिल-मेत घर गार राहायला हवं, सिमेंटही कमी लागावं. जुन्या घराचे किंजळाचे वासे पडून आहेत.

आढं_आणि_वासे: सिमेंटात अजिबात नको. कौल आणि स्लॅब उन्हात सारखे फुगत नाहीत. सांध्यांना चिरा जातात, झडीचं पाणी शिरतं, आतच मुरतं आणि सळई गंजायला लागते. शिवाय कौलाखाली वारा खेळत नाही, ऊन सरळ स्लॅबमध्ये उतरतं.

वासे चांगले असतील तर स्लॅबच टाळा. प्रत्येक वासा ठोकून बघा. बद्द वाजला तर आत वाळवी किंवा कूज आहे. वासे 2 फुटांवर, वर 2 बाय 1 इंची रिपा. रिपांचं अंतर साधारण साडेबारा इंच, पण त्या आकड्यावर ठोकू नका. भट्टीगणिक कौल कमीजास्त आकसतं. आणलेल्या मालातली 11 कौलं जमिनीवर एकात एक अडकवा, ताणून 10 अंतरं मोजा, मग दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढून 10 ने भागा. हे चुकलं की कौलाच्या तोंडाशी फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस तिथूनच वर चढतो. गळतीचं एक मोठं मूळ हेच.

चिरेबंदी: चारही बाजूंना अडीच फूट वळचण सोडलीत तर पाखी (छपराचे दोन्ही उतार) मिळून सुमारे 1,010 चौरस फूट. चौरस मीटरला 15 कौलं, फूटतूट धरून 1,500 आणा. नुसत्या कोरड्या कौलांचंच वजन साडेतीन टन, तेव्हा तुळया तपासून घ्या. अडीच किलोचं कौल 24 तास भिजवून अर्ध्या किलोहून जास्त वाढलं तर तो माल परत करा.

वादळात कडा आधी उचलतात. म्हणून वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा तांब्याच्या तारेने बांधा. साधी तार खाऱ्या वाऱ्यात गंजून तुटते. खाली फळ्यांचा माळा करा, दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर जाळी ठेवा. गरम हवा तिथून निघून जाते.

गुहागरचं_घर: आणि माकडं?

आढं_आणि_वासे: छपरावर उडी मारता येईल अशा फांद्या तोडा. त्याच मालातली शंभरेक कौलं जास्तीची ठेवा. दुसऱ्या भट्टीचं कौल खाचेत नीट बसत नाही.