फोनवर ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाकडून कार्डाचा सीव्हीव्ही घ्यायचा का?

टॉवेलगठ्ठा

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. पुणे, मुंबई, हैदराबादकडची गिऱ्हाइकं फोनवर ऑर्डर देतात. चार चादरी, दोन डझन टॉवेल असा माल. यूपीआय करणाऱ्यांचा प्रश्न नाही. क्रेडिट कार्डवाल्यांचं मात्र असं चालतं: गिऱ्हाईक कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे (सीव्हीव्ही) सांगतं. काउंटरवरचा पोरगा ते ऑर्डरच्या वहीत उतरवतो, मग आमच्याच वेबसाइटच्या पेमेंटच्या पानावर स्वतः भरतो आणि गिऱ्हाइकाला आलेला ओटीपी फोनवरच विचारून टाकतो. काही जण तर कार्डाचा पुढून-मागून फोटोच व्हॉट्सॲपवर पाठवतात.

आता एक-दोन गिऱ्हाइकं मागचे आकडे सांगायला नको म्हणतायत. त्यांचं बरोबर आहे का? ओटीपीशिवाय पैसे कटतच नाहीत, मग तीन आकडे वहीत राहिले म्हणून काय बिघडलं? आणि अमेरिकेतली आपली माणसं फोनवर हे आकडे बिनधास्त सांगतात, ते कसं? जाणकारांनी सांगा की.

गेटवेवाला

गिऱ्हाइकाचं बरोबर आहे, पोराचं चुकतंय. पण त्याआधी ते तीन आकडे कशासाठी असतात ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

एकाच कार्डात असे तीन वेगवेगळे कोड असतात. एक काळ्या पट्टीत, एक चिपमध्ये आणि एक मागं छापलेला. तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते मुद्दाम तसं केलंय: कुणी स्वाइप करताना पट्टीची नक्कल मारली तरी छापलेला कोड त्याच्या हाती लागत नाही. बँक हा कोड कार्डाचा नंबर, मुदत आणि स्वतःकडची गुप्त किल्ली यांवरून काढते, आणि पैसे मागितले गेले की पुन्हा काढून ताडून बघते. व्हिसाच्या भाषेत सीव्हीव्ही २, मास्टरकार्डच्या भाषेत सीव्हीसी २. अमेरिकन एक्सप्रेसचा चार आकडी असतो आणि पुढच्या बाजूला छापलेला असतो, तेव्हा कुणी ‘मागं काहीच नाही’ म्हणालं तर गोंधळू नका.

या कोडचं काम एकच. पैसे देणाऱ्याच्या हातात आत्ता कार्ड आहे, याची ती खूण. ती तुमच्या वहीत उतरली की तुमची वही हेच कार्ड झालं. म्हणून कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत (पीसीआय डीएसएस) व्यवहार मंजूर झाल्यावर हा कोड दुकानदारानं कुठल्याच रूपात ठेवायचा नाही, असं आहे. कुलपातल्या वहीत नाही, संगणकात सांकेतिक करूनही नाही, आणि दुकानाच्या फोनवर कॉल रेकॉर्डिंग चालू असेल तर त्यातही नाही. शेवटचं कुणाच्या लक्षातच येत नाही. कित्येक मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग आपोआप सुरू असतं. कार्डाचा पूर्ण नंबरसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्डसारखी कंपनी) यांनाच साठवता येतो. दुकानदाराला हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, एवढंच.

ओटीपीचं म्हणाल तर ते अर्धंच खरं. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी (ओटीपीसारखी) हवी, ही सक्ती रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून लावली. ती परदेशातल्या वेबसाइटला बांधत नाही. तिथं नंबर, मुदत आणि हे तीन आकडे एवढ्यावर पैसे कटू शकतात. वहीचा फोटो मारणारा काही त्या कार्डावर तुमच्याकडून टॉवेल मागवणार नाही, तो परदेशी साइटवर जाणार. कार्डावर परदेशी व्यवहार चालू असले की त्याचं काम झालं, आणि गिऱ्हाइकाला कळतं ते पैसे कटल्याचा मेसेज आल्यावर.

अमेरिकेत ओटीपीची सक्तीच नाही. तिथला दुकानदार फोनवर ऐकलेले आकडे यंत्रात टाकतो, कोड जुळला की पैसे मंजूर. पुढं भानगड निघाली तर नुकसान बहुतेक दुकानदाराच्या अंगावर येतं, आणि क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकावर तिथल्या कायद्यानं जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी. एवढं संरक्षण असल्यावर माणूस बिनधास्त सांगणारच. आपल्याकडची मांडणी वेगळी आहे, तिकडची सवय इथं आणू नका.

सातरस्ता

फोटोवाल्यांना आधी थांबवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो एका जागी राहत नाही. फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर खात्यात जातो, दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर तिथंही दिसतो. चॅटमधून पुसला तरी गॅलरीतला तसाच राहू शकतो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस पडून असतो, ती वेगळी रिकामी करावी लागते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया गॅलरीत दाखवणं आणि आपोआप डाउनलोड, दोन्ही आजच बंद करा.

गेटवेवाला

वर राहिलेलं: काम कसं करायचं. वेबसाइटवर पेमेंटचं पान आहे म्हणजे तुमच्याकडं पेमेंट ॲग्रिगेटरचं (दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) खातं आहेच. त्याच खात्यात पेमेंट लिंकची सोय असते, वेगळं काही घ्यायला नको.

फोनवर ऑर्डर ठरली की आधी बिल करा, वाहतुकीचं भाडं धरून. मग ॲग्रिगेटरच्या ॲपमध्ये नवीन लिंक उघडून रक्कम, बिल नंबर आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टाका. मुदत २४ तासांची ठेवा. मुदत नसली की महिन्याभरानं कुणीतरी जुन्या भावानं पैसे भरून मोकळा होतो. ‘थोडे थोडे पैसे भरा’ हा पर्याय बंदच ठेवा. लिंक एसएमएस आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर जाऊ द्या आणि फोन चालू असतानाच सांगा, की अमुक नावानं, अमुक रकमेची लिंक येईल. गिऱ्हाईक आपल्याच मोबाइलवर नंबर, कोड आणि ओटीपी टाकतं, तुमच्या दुकानात एकही आकडा येत नाही. पैसे आल्याचं तुमच्या ॲपमध्ये दिसलं तरच गठ्ठा बांधा. गिऱ्हाइकानं पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे.

खर्च साधारण २ टक्के, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०,००० च्या बिलाला २०० अधिक ३६, असे २३६ रुपये. आत्ताही तुम्ही तेवढेच देताय, कारण पोरगा त्याच कंपनीच्या पेमेंटच्या पानावर (गेटवेवर) आकडे टाकतोय. परदेशी कार्डांना शुल्क जास्त आणि ती सोय वेगळी मागून घ्यावी लागते.

आणखी एक, जे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एकाच संगणकावरून दिवसभर वेगवेगळी कार्डं टाकली जातायत, हे ॲग्रिगेटरच्या यंत्रणेला दिसतं. चोरीच्या कार्डांची यादी तपासणारा माणूसही अगदी असाच दिसतो. यंत्रणेला तुमचा पोरगा आणि तो चोर यांत फरक कळत नाही. मग खात्यात जमा होणारे पैसे अडकवून ठेवतात आणि कागदपत्रं मागत बसतात.

टॉवेलगठ्ठा

लिंकचं पटलं. पण सत्तरीच्या आजींना लिंक उघडत नाही, त्या म्हणतात ‘तूच टाक की बाळा, मी सांगते’. त्यांना काय सांगू?

कार्डविभाग

आजींना सांगा, माल घरी आल्यावर पैसे द्या. कुरिअरची कॅश ऑन डिलिव्हरी त्यासाठीच असते. नाहीतर त्यांच्या मुलाच्या किंवा सुनेच्या नंबरवर लिंक पाठवा. लिंक कुणीही भरू शकतं, बिल आजींच्या नावावरच राहतं. रुपे क्रेडिट कार्ड असेल आणि घरात कुणी यूपीआय वापरत असेल, तर कार्ड यूपीआयला जोडून तुमच्या क्यूआरवर पैसे देता येतात. त्यात सीव्हीव्ही दर वेळी लागत नाही.

मोठ्या कंपन्यांत फोनवरच कार्ड घेतात ते पाहिलं असेल. तिथं माणूस आकडे ऐकत नाही. कॉल यंत्राकडं जातो आणि ग्राहक फोनची बटणं दाबून आकडे टाकतो. छोट्या दुकानाला हे परवडणारं नाही, पण फरक ध्यानात ठेवा: यंत्रात दाबणं वेगळं, माणसाला सांगणं वेगळं. सुरक्षित वेब पानावर सीव्हीव्ही टाकण्यात गैर काहीच नाही, तो त्यासाठीच छापलाय. उलट दुकानात मशिनवर कार्ड घालताना कुणी सीव्हीव्ही विचारला तर तिथं शंका घ्या. चिप आणि पिन असताना त्याची गरजच नसते.

आता तोंडी ओटीपी. ही गोष्ट सीव्हीव्हीपेक्षा गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर मर्यादित, म्हणजे ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये. पण गुप्त माहिती ग्राहकानं स्वतःच कुणाला सांगितली असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा धरतात आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. म्हणजे तुमच्या काउंटरवर ओटीपी सांगणारं गिऱ्हाईक आपलं संरक्षण घालवून बसतं, तेही तुमच्या सोयीसाठी. दुसऱ्या बाजूनं, फोनवर ओटीपी सांगायची सवय तुम्हीच लावलीत तर उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही ते तितक्याच सहज सांगणार.

ओटीपीच्या मेसेजमध्ये सहसा रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. गिऱ्हाइकांना ते वाचूनच टाकायला सांगा.

जुळे_सोलापूर

दुकानदाराच्या बाजूनं थोडं. कार्डाची चौकशी दुकानाच्या अंगावर येते तेव्हा दोन प्रकार असतात. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं कार्डधारक म्हणाला आणि ओटीपी त्यानं स्वतः गेटवेच्या पानावर टाकलेला असला, तर नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडं जातं. कार्ड परदेशी असेल आणि पडताळणीशिवाय मंजूर झालं असेल, तर ते तुमच्या खात्यातून वळतं होतं, माल गेलेला असला तरी. सीव्हीव्ही जुळला होता, ही सबब तिथं चालत नाही. दुसरा प्रकार ‘माल मिळालाच नाही’. त्याला ओटीपी उपयोगी नाही, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) किंवा कुरिअरची पोहोच लागते. तक्रार बऱ्याचदा १२० दिवसांपर्यंत येऊ शकते, तेव्हा पोहोचपावत्या निदान सहा महिने फाडू नका.

परदेशातून मोठी ऑर्डर आली तर या खुणा बघा. भाव न करता पाचशे टॉवेल, रंग कुठलाही चालेल. पैसे दोन-तीन वेगवेगळ्या कार्डांवर तोडून घ्या म्हणतो. आणि मग खरा डाव: ‘माझ्या कार्डावरून भाड्याचे ४०,००० जास्त काढा आणि माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात भरा.’ कार्ड चोरीचं असतं, ट्रान्सपोर्टवाला त्याचाच माणूस. काही आठवड्यांनी कार्डाचे सगळे पैसे उलटे फिरतात आणि तुम्ही भरलेले ४०,००० गेले ते गेले. टॉवेलशी त्याला काही देणंघेणं नसतं.

इथलाच प्रकार म्हणजे फौजी असल्याचं सांगून कॅम्पसाठी चादरी मागणारा. तो आगाऊ पैसे देतो म्हणून क्यूआर पाठवतो आणि स्कॅन करायला सांगतो. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. आपल्या पूर्वभागातल्या कारखानदारांनीही हे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

गेटवेवाला

एक भर. तीन आकडे म्हणजे हजारच शक्यता, हेही लक्षात असू द्या. २०१६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कोडचे अंदाज शेकडो वेबसाइटवर थोडे थोडे वाटून टाकले, तर एखाद्या साइटची चुकांची मर्यादा न ओलांडता खरा कोड सापडू शकतो. म्हणजे नंबर आणि मुदत उघडी पडली तरी पुरे. वहीतून फक्त सीव्हीव्हीचा रकाना खोडून भागणार नाही.

टॉवेलगठ्ठा

समजलं. पोराला आजपासून लिंकवर बसवतो. जुन्या दोन वह्यांचं काय करू? त्यात माल आणि पत्तेही आहेत, हिशेबाला लागतात.

कार्डविभाग

नवी वही घ्या. नाव, पत्ता, माल, रक्कम, बिल नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढंच उतरवून काढा. जुन्या वह्या रद्दीत घालू नका; शाई मारूनही नका, उजेडाकडं धरलं की आकडे वाचता येतात. बारीक फाडून, भिजवून लगदा करा नाहीतर जाळा. कॉल रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासा, रद्द झालेल्या फाइलींची पेटीही रिकामी करा.

ज्यांची कार्डं वहीत होती त्या गिऱ्हाइकांना एक फोन करा. कार्ड बदलून घ्या म्हणावं, नवा नंबर आला की वहीतलं सगळं निरुपयोगी. निदान बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद करून मर्यादा खाली आणायला सांगा. ही चालू-बंद करायची सोय ऑक्टोबर २०२० पासून बँकांना २४ तास द्यावी लागते. कुणाचे पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

वहीवरून पोलीस केस व्हायच्या आधी हे फोन करणं सोपं आहे. थोडं लाजिरवाणं वाटेल, पण आजी रागावणार नाहीत.