पॉल वाइसची तडजोड: शहाणपण की शरणागती? (तहकुबी, बिनीचा आणि वादपत्र ही टोपणनावं घेतलेल्या तिघांची चर्चा)

तहकुबी: १४ मार्च २०२५ ला ट्रम्पनी न्यूयॉर्कच्या पॉल वाइस या लॉ फर्मविरुद्ध कार्यकारी आदेश काढला; त्यात तिच्या वकिलांच्या सुरक्षा-परवानग्या (गोपनीय सरकारी माहिती बघायची मुभा) आणि तिच्या अशिलांची सरकारी कंत्राटं यांवर घाव होता. २० तारखेला फर्मचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रॅड कार्प यांनी समझोता केला: ट्रम्प यांच्या कार्यकाळात ४ कोटी डॉलरचं विनामूल्य वकिली काम, बदल्यात आदेश मागे. माझ्या मते कार्प चुकले, आणि हे मी तत्त्वावरून नाही, तारखांवरून म्हणतोय. पर्किन्स कूई या दुसऱ्या लॉ फर्मवर तसाच आदेश ६ मार्चला निघाला, ११ ला तिचा सरकारविरुद्ध दावा दाखल, १२ ला न्या. बेरिल हॉवेल यांची आदेशाला तात्पुरती मनाई. लढायची वाट समझोत्याच्या आठ दिवस आधी उघडी झाली होती.

बिनीचा: मनाई नेमकी कशाला मिळाली ते बघा. वकिलांच्या सुरक्षा-परवानग्या रोखण्याचं कलम त्या तात्पुरत्या मनाईत नव्हतंच. आणि खरा घाव कंत्राटदारांच्या कलमाचा: सरकारी कंत्राट हवं असेल तर या फर्मशी असलेला व्यवहार उघड करा. पर्किन्सच्या सर्वांत मोठ्या १५ अशिलांपैकी प्रत्येकाकडे सरकारी कंत्राट होतं किंवा ते मिळवायला धडपडत होते. उत्पन्नाचा सुमारे पाव वाटा त्यांचाच. कोर्ट कलम गोठवतं. अशिलाच्या पोटातली भीती कोण गोठवणार? विलीनीकरणाला सरकारी मंजुरी हवी असलेली कंपनी सरकारच्या डोळ्यांत खुपणारा वकील कशाला नेईल? त्यात अमेरिकेत वकिलावर ‘सोडून गेल्यास अशील नेऊ नकोस’ अशी अट घालता येत नाही. भागीदार उठला की फाइल त्याच्यामागे जाते. प्रतिस्पर्धी फर्म आपले अशील आणि वकील पळवायला टपल्यात, असं कार्प यांनी सहकाऱ्यांना कळवलं होतं.

वादपत्र: मग प्रत्यक्षात उठलं कोण? कॅरन डन यांच्यासह नावाजलेले कोर्टातले भागीदार मे महिन्यात बाहेर पडले, तेही समझोता झाल्यावर! तुम्ही सांगितलेली मोकळीक दोन्ही बाजूंना कापते. उलट तशाच आदेशांविरुद्ध लढलेल्या पर्किन्स, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल, सस्मन गॉडफ्री या चारही फर्म जिल्हा न्यायालयात जिंकल्या, चार वेगळ्या न्यायाधीशांपुढे. त्यातले बेट्स आणि लिऑन तर ट्रम्पच्याच पक्षाच्या धाकट्या बुशनी नेमलेले.

बिनीचा: ते निकाल मे-जूनचे. मार्चमध्ये कार्पांच्या हातात फक्त एक तात्पुरती मनाई होती. आणि सस्मन म्हणजे खटलेबाजांची फर्म, कोर्टात भांडणं हीच त्यांची जाहिरात. पॉल वाइसचा मोठा धंदा कंपन्यांच्या सौद्यांचा. एकच औषध दोघांना कसं लागू पडेल?

तहकुबी: हे मान्य. पण समझोता तरी नीट लिहून घ्यायचा! तासाला १,००० डॉलर धरले तर ४ कोटी म्हणजे ४०,००० तास; १,५०० धरले तर जेमतेम २६,७००. जाहीर मजकुरात दर नाही. त्यातून ट्रम्पच्या पोस्टमधला मजकूर आणि फर्मने आत फिरवलेला मजकूर जुळेना: विविधता धोरणाबद्दलचं वाक्य एकात होतं, दुसऱ्यात नव्हतं. एप्रिलमध्ये ट्रम्प म्हणाले, समझोता केलेल्या फर्मांना कोळशाच्या आणि आयातशुल्काच्या कामाला जुंपू. धंद्यातल्या सौद्यात कार्पांनी असा कागद अशिलाला सही करू दिला असता?

वादपत्र: +१. आधी मजकूर, मग सही, मग घोषणा. इथे घोषणा समोरच्याने केली, तीही त्याच्या शब्दांत.

बिनीचा: कागद ढिला होता, मान्य. पण कडक कागद मागायला वेळ लागतो, आणि तेवढ्या दिवसांत किती अशील फर्मकडे टिकले असते, याचा हिशोब कुणी मांडलाय का?