[मंडळ] बेळगावच्या घरी आलेली घरपट्टीची मेल: खरी की खोटी?

प्रेषक: सभासद (माहेर शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

बेळगावात आईबाबांना एक मेल आली आहे. मजकूर कन्नडमध्ये, वर बोधचिन्ह, मध्ये थकीत घरपट्टीचा आकडा आणि खाली "आजच भरा" म्हणून लिंक. पाठवणाऱ्याच्या नावात बेळगावचं एक स्पेलिंग आहे, पत्त्यात दुसरंच. बाबांना बोलण्यापुरतं कन्नड येतं, पण कचेरीचं कन्नड वाचून ते बरोबर आहे की नाही हे त्यांना सांगता येत नाही. लिंक अजून उघडलेली नाही. मेल त्यांनी मला फॉरवर्ड केली आहे. इथं परदेशात बसून तपासता येईल का?

---

प्रेषक: तांत्रिक समिती (मूळ गाव निपाणी)

> मेल त्यांनी मला फॉरवर्ड केली आहे.

ताई, फॉरवर्डवरून काही कळणार नाही. फॉरवर्ड केलं की ती बाबांनी पाठवलेली नवी मेल होते. मूळ मेलचं हेडर, म्हणजे ती कुठून कशी आली याची नोंद, त्यांच्याच खात्यात राहते.

बाबांना लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडायला सांगा. मोबाईलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करायचं आणि 'शो ओरिजिनल' निवडायचं. जे पान उघडेल त्याच्या वरच्या चौकटीचा फोटो काढून तुम्हाला पाठवला तरी पुरे. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात.

त्या कशासाठी, ते थोडक्यात. मेल पोचवायची पद्धत, एसएमटीपी, १९८२ सालची आहे. पाकिटावरचा पत्ता एक आणि आतल्या पत्राखालची सही दुसरीच, असं तिच्यात सहज चालतं. आपल्याला पडद्यावर दिसतं ते 'फ्रॉम' म्हणजे आतली सही, आणि ती कुणीही काहीही लिहू शकतो. एसपीएफ बघतं की पाकिटावर ज्या डोमेनचं (मेल पत्त्यात '@'नंतरचा भाग, लिंकमध्ये साइटचं नाव) नाव आहे, त्या डोमेननं या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी दिली आहे का. डीकेआयएम म्हणजे डोमेनच्या किल्लीनं केलेली सही. मजकूर वाटेत बदलला तर ती तुटते. आणि डीमार्क विचारतं, की या दोन्हींपैकी जे पास झालं त्याचं डोमेन आणि 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन जुळतं का? त्यामुळे वेळ नसेल तर निदान डीमार्कची ओळ बघा. 'फेल' असेल तर लिंकच्या वाटेला जायचं नाही.

पण 'पास' असेल तर मेल खरी, असं मात्र अजिबात समजू नका. भामट्यानं स्वतःचं डोमेन विकत घेतलं, त्यावर तिन्ही गोष्टी व्यवस्थित बसवल्या, तर तिन्ही पास होतात. पासचा अर्थ एवढाच, की जे डोमेन दिसतं आहे तिथूनच मेल आली. ते डोमेन कुणाचं, हे आपणच वाचायचं.

आणि इथं आपल्या भागाची एक अडचण आहे. "स्पेलिंग चुकलेलं दिसलं, भाषा ओबडधोबड वाटली की संशय घ्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांना त्याचा उपयोग फार थोडा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुनं इंग्रजी स्पेलिंग कागदपत्रांवर अजून आहेच, आणि मधलं एक अक्षर गाळून लिहिलेलं तिसरंही चालतं. निपाणीत एक 'पी' की दोन, यावर दुकानांच्या पाट्यांचंही एकमत नाही. वेगळं स्पेलिंग दिसलं म्हणून इथं कुणाला खटकत नाही, आणि नेमकं हेच भामट्याच्या पथ्यावर पडतं. कन्नड मजकुराचंही तसंच. ज्यांना ती भाषा पूर्ण येत नाही त्यांनी चूक पकडावी कशी? म्हणून आपल्या घरच्यांना भाषेवरून नव्हे, डोमेनवरून पारख करायला शिकवूया.

डोमेन उजवीकडून डावीकडे वाचायचं. लिंकमध्ये 'एचटीटीपीएस'नंतर दोन तिरक्या रेघा असतात; त्यांच्या पुढं जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथं थांबा आणि मागे वळून वाचा. शेवट 'गव्ह.इन' असेल तर ते सरकारी, कारण ते डोमेन फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. 'कर्नाटक.गव्ह.इन.घरपट्टी-भरा.कॉम' असा पत्ता असेल (पडद्यावर रोमनमध्ये दिसेल) तर मालक 'घरपट्टी-भरा.कॉम' आहे, त्याच्या आधीचं सगळं सजावट. त्याच टप्प्यात '@' दिसलं तर त्याच्या आधीचा भाग ब्राउझर पत्ता म्हणून धरतच नाही. मोबाईलवर लिंक दाबून धरली की न उघडता पूर्ण पत्ता दिसतो.

बँकेसाठी आता सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपल्या साइट 'बँक.इन' या शेवटावर न्यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. सहकारी बँकाही त्यात आल्या. मात्र आपल्याकडं ठेवी पुष्कळदा सोसायट्यांत असतात. क्रेडिट सोसायटी म्हणजे बँक नव्हे, तिला हे डोमेन मिळत नाही. तिथल्या मेलसाठी पासबुकावरच्या नंबरला फोन करणं हाच मार्ग.

घरपट्टीचं म्हणाल तर लिंक सोडून द्या आणि जुन्या पावतीवरचा मिळकत क्रमांक घेऊन पालिकेच्या कचेरीत विचारा. थकबाकी असेल तर तिथं दिसेलच की.

हेडरमधल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) गाव शोधत बसू नका. वेबमेलवरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी बहुधा नसतोच. मेल ज्या सर्व्हरांतून आली त्यांनी लिहिलेल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, पण खालच्या ओळी बनावट असू शकतात. आपल्या सर्व्हरनं लिहिलेली वरची ओळ तेवढी भरवशाची.

---

प्रेषक: सभासद (मूळ गाव खानापूर)

वरच्यात थोडी भर. कुणाच्या घरी लिंक आधीच उघडली गेली असेल तर:

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. परदेशातून हा आखूड नंबर सहसा लागत नाही, म्हणून तो घरच्यांनीच लावायचा. नंतर बँक, आणि मग सायबरक्राइम.गव्ह.इन वर तक्रार. क्रम महत्त्वाचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा.

पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला आणि बाकी सगळीकडून साइन आउट करा. बहुतेक लोक इथंच थांबतात, आणि घात तिथंच होतो. आत शिरलेला माणूस जाताना फिल्टर लावून जातो: ज्या मेलमध्ये 'बँक' किंवा 'ओटीपी' असेल ती आपल्याकडं वळवायची आणि इथं थेट कचऱ्यात टाकायची. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो. म्हणून जीमेलच्या सगळ्या सेटिंग्ज उघडून 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही टॅब बघा. ओळखीचं नसेल ते पुसून टाका. रिकव्हरीचा फोन आणि मेल पत्ता कुणी बदलला आहे का, तेही बघा.

मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा, पण एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर ॲपवर. त्याचा कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, नेटवर्क लागत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात रेंज गेली तरी तो चालतो. फक्त फोनचं घड्याळ आपोआप जुळणारं ठेवा. मागेपुढे असेल तर बरोबर कोडही नाकारला जातो. गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून घरच्या कागदपत्रांत ठेवा, मेलमध्ये नको.

---

प्रेषक: खजिनदार

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. यालाच जोडून विचारतो: वर्गणीच्या आपल्या मेल काहींच्या स्पॅममध्ये जात आहेत, आणि याहूचा पत्ता असलेल्या सभासदानं मंडळाच्या मेलिंग लिस्टवर (यादीवर) काही लिहिलं, की दुसरेच काही जण यादीतून आपोआप गळतात. दोन्ही एकच भानगड आहे का?

---

प्रेषक: तांत्रिक समिती (मूळ गाव निपाणी)

काका, दोन वेगळ्या आहेत.

वर्गणीच्या मेल आपण नव्या सेवेतून पाठवायला लागलो आणि तिच्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, एसपीएफची दुसरी ओळ घातली गेली. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की तपासणी त्रुटी देऊन थांबते, आणि दोन्ही सेवांना फटका बसतो. दोन्ही नावं एकाच ओळीत घालायची. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकश्या १०च्या वर जाता कामा नयेत, म्हणून वापरात नसलेल्या जुन्या सेवा काढून टाका. न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डोमेनचा मालक डीमार्कमध्ये सांगतो. आपण ते आधी 'नन'वर (काही करू नका) ठेवून रोजचे अहवाल मागवूया. आपल्या सगळ्या मेल जुळताना दिसल्या की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (नाकारा). सुरुवातीलाच 'रिजेक्ट' लावलं तर पहिल्यांदा आपलीच निमंत्रणं अडतील.

याहूची गोष्ट जुनी आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं डीमार्क 'रिजेक्ट' केलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्टांचा घोटाळा झाला. आपली यादी विषयात [मंडळ] जोडते, खाली तळटीप लावते. त्यामुळं मूळ डीकेआयएम सही तुटते. एसपीएफ पास होतं, पण यादीच्या डोमेनसाठी, आणि 'फ्रॉम'मध्ये याहू. जुळलं नाही, म्हणून ज्यांच्याकडं मेल जायची त्यांचे सर्व्हर ती परत पाठवतात. या परतीच्या मेल यादीचं सॉफ्टवेअर सभासदाच्या नावावर मोजतं आणि ठरलेला आकडा ओलांडला की त्याची मेल बंद करतं. लिहिलं एकानं, गळतो दुसरा.

उपाय: 'फ्रॉम'मध्ये यादीचा पत्ता, 'रिप्लाय-टू'मध्ये लिहिणाऱ्याचा. मेलमन हे यादी चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ही सेटिंग तयार मिळते. आज रात्री लावतो. मात्र त्यानंतर 'फ्रॉम'मधलं नाव हे फक्त नाव राहील, त्यावरून माणूस ओळखू नका. वर्गणीचा खाते क्रमांक यादीवर पाठवणं आजपासून बंद ठेवूया. तो मंडळाच्या साइटवर राहील, आणि बदलला तर तुम्ही स्वतः फोन करून सांगाल.