मुरगाव १९४३: पोर्तुगिजांनी खरंच काही पाहिलं नाही?

सडेकर:
आजोबा मुरगाव बंदरात हमाली करायचे. "जर्मनांनी आपल्याच बोटी जाळल्या" एवढंच ते सांगायचे. पुढे वाचलं, की ९ मार्चच्या रात्री इंग्रज चढून आले होते. मग गोव्याचं सरकार गप्प का बसलं?

दर्यावर्दी:
आजोबा अर्धे बरोबर होते! १९३९पासून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या जर्मन बोटी आणि पुढे इटली युद्धात उतरल्यावर इटालियन आन्फोरा तिथे अडकून पडल्या होत्या. एरेनफेल्सवरचा छुपा रेडिओ ब्रिटिश जहाजांची खबर देतो, असा इंग्रजांचा संशय. पण पोर्तुगाल तटस्थ, मग फौज पाठवायची कशी? म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी स्वयंसेवक पलटणीतले पोटं सुटलेले कंपनीवाले साहेब 'फीबी' नावाच्या गाळवाहू बोटीतून आले. एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला, आणि बाकीच्या बोटी खलाशांनी स्वतःच पेटवून बुडवल्या.

आधी पणजीतला जर्मन हेर आणि त्याची बायको इंग्रजांनी परस्पर उचलली होती, तेही विसरू नका. ती गोष्ट मला जास्त भयंकर वाटते.

सडेकर:
म्हणजे पोर्तुगिजांनी बोटींवरच्या खलाशांनाच पकडलं?

दर्यावर्दी:
हो, त्यांची रवानगी आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगात. सोयीचंच होतं ते. इंग्रजांवर आरोप केला असता, तर तटस्थता मोडली म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला काहीतरी करून दाखवावं लागलं असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने इंग्रजांशी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या तळांचा करार केला.

म्हापशेकार:
रेडिओबद्दल इतिहासकारांत वाद आहे हां. या धाडीवर निघालेल्या सिनेमावर जाऊ नका.